घरी बांधलेला बॅटरी पॅक तपासायचाय? आधी लोडचा रेझिस्टन्स नीट निवडा

गेल्या हिवाळ्यात भाच्याने आठ सेल जोडून एक पॅक बांधला. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर त्याच्या मित्राचा खेळण्यांचा स्टॉल असतो, तिथल्या रात्रीच्या एलईडी पट्ट्यांसाठी. पॅक माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मामा, मीटरवर तेरा पॉइंट तीन दाखवतंय. झालं की!"

"मीटरला दाखवायला काय जातंय," मी म्हटलं. "आठातला एखादा सेल दमलेला असला तरी तो तेराच दाखवेल. पॅककडून काम करून घे, मग सांग."

काम करून घ्यायचं म्हणजे लोड लावायचा. पंखा, बल्ब, राउटर काहीही चालतं, पण तपासणीला सगळ्यात भरवशाचा लोड म्हणजे साधा रेझिस्टन्स. पुस्तकात त्याला रोधक म्हणतात, दुकानात रेझिस्टन्सच मागायचा. त्यात सर्किट नाही, मोटर नाही, चालू होताना झटका नाही. व्होल्ट माहीत असले की करंट किती जाणार हे कागदावर आधीच कळतं. हा लेख पहिल्यांदाच पॅक तपासणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे जाणकारांनी मधली पानं उलटली तरी चालेल.

नवखा माणूस दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतो, "किती ओहमचा घेऊ?" मीही तेच विचारलं होतं. दहा ओहमचा सिमेंटचा पांढरा तुकडा मिळाला, पाच वॅटचा. १२.८ व्होल्टच्या पॅकला जोडला आणि टेबलावर ठेवला. टेबलावर आपली सोलापुरी चादर अंथरलेली. दहा मिनिटांत जळका वास आला, तुकडा उचलायला गेलो तर बोटं भाजली आणि चादरीला बरोबर तुकड्याच्या मापाचं तपकिरी भोक पडलं. हिशोब सोपा होता, मी केलाच नव्हता: त्या तुकड्यात सोळा वॅटची उष्णता निघत होती आणि तो होता पाच वॅटचा. ती चादर आईने अजून टाकलेली नाही. पाहुणे आले की दाखवते.

तेव्हा सुरुवातीलाच सांगतो. ओहमवरून करंट ठरतो, आणि वॅटवरून घर पेटणार की नाही ते ठरतं.

पायरी १: पॅकची कुंडली मांडा

कागद घ्या आणि पॅकबद्दल पाच गोष्टी लिहा: सेलची जात, किती सेल ओळीत (सिरीज), किती जोडीला (पॅरलल), एकूण अँपिअर-तास आणि बीएमएसवर, म्हणजे सेलना जपणाऱ्या आणि गरज पडली की पॅक तोडणाऱ्या सर्किटवर, लिहिलेला करंट.

सेलची जात सगळ्यात आधी, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ज्याला दुकानात एलएफपी म्हणतात, त्याचा सेल सरासरी ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरताना ३.६५ पर्यंत जातो आणि २.५ च्या खाली उतरू द्यायचा नाही. लॅपटॉपच्या किंवा बऱ्याच ई-सायकलींच्या पॅकमधला १८६५० सेल बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. तो सरासरी ३.६ ते ३.७, भरलेला ४.२, आणि रिकामा करताना ३.० ला थांबलेलं बरं. दोघांचे आकडे एकमेकांना लावले तर पॅक वाया जातो, वर दुसरी जात चिडली तर आग लावते. एलएफपी तुलनेने शांत आहे. शांत म्हणजे न पेटणारी, असा अर्थ मात्र घेऊ नका.

भाच्याचा पॅक उदाहरणाला घेऊ. ३२७०० मापाचे एलएफपी सेल, प्रत्येक ६ अँपिअर-तासांचा, चार ओळीत आणि दोन जोडीला. म्हणजे १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. गुणाकार केला तर साधारण १५४ वॅट-तास. एवढी ऊर्जा दीड लिटर पाण्याला उकळी आणेल. तपासणीत ही सगळी ऊर्जा तुम्ही उष्णता करून बाहेर काढणार आहात, ती जाणार कुठे याचा विचार आत्ताच करा.

पायरी २: करंट ठरवा, आणि तो पॅकमधल्या सगळ्यात कमकुवत भागावरून

सेल वीस अँपिअर देतो म्हणून पॅक वीस अँपिअर देईल असं नसतं. मध्ये सेल जोडणारी निकलची पट्टी आहे, स्पॉट वेल्डिंगचे टिपके आहेत, बीएमएस आहे, वायर आहे. आठ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर जाडीची शुद्ध निकलची पट्टी साधारण चार-पाच अँपिअरच बिनघोर वाहते. बाजारात निकलच्या नावाखाली निकलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही विकली जाते, आणि ती त्याहून लवकर तापते. लोहचुंबकाने फरक कळत नाही, निकललाही चुंबक चिकटतो. एक तुकडा खरवडून दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवा. गंज दिसला की समजा फसलात.

पहिल्या तपासणीला नियम सोपा ठेवा: जितके अँपिअर-तास, त्याचा पाचवा भाग करंट. १२ अँपिअर-तासांना सुमारे २.४ अँपिअर. या वेगाने पॅक पाचेक तासांत रिकामा होतो, सेलवर ताण येत नाही, आणि कुठे चुकीचं वेल्डिंग असेल तर ते तापून स्वतःहून सांगतं, जाळ न करता.

पायरी ३: ओहम काढा

व्होल्ट भागिले अँपिअर. १२.८ ला २.४ ने भागलं की ५.३ ओहम. नेमका ५.३ चा तुकडा कुणाकडेच मिळणार नाही. दुकानात ठरावीक आकडेच असतात: ४.७, ५.६, १०, २२, ४७ असे. थोडं इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही.

तुकड्यावरची अक्षरं वाचताना एक खोच आहे. दशांश चिन्हाच्या जागी 'आर' छापतात. ४ आर ७ म्हणजे ४.७ ओहम, आणि आर ४७ म्हणजे ०.४७ ओहम. हा दुसरा तुकडा चुकून या पॅकला लावलात तर सत्तावीस अँपिअर वाहतील. शेवटी 'जे' असेल तर आकडा पाच टक्के इकडेतिकडे, एवढाच अर्थ. वाचून झालं तरी मीटरने मोजाच. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना लावून किती दाखवतं ते बघा. साध्या मीटरला ०.३ ते ०.५ ओहम दिसतात, ते वजा करायचे. पाच ओहमच्या मोजणीत अर्धा ओहम म्हणजे दहा टक्के झाले.

पायरी ४: वॅट काढा, आणि मग दुप्पट करा

इथे जरा थांबू या.

व्होल्ट गुणिले व्होल्ट, भागिले ओहम. ५.६ ओहमचा एकच तुकडा लावला तर १२.८ गुणिले १२.८, भागिले ५.६, म्हणजे २९ वॅट. पॅक नुकताच भरलेला असेल तर व्होल्ट १३.४ च्या आसपास असतात, तेव्हा ३२ वॅट. घरी सोल्डरिंगसाठी जी छोटी आयर्न असते ती २५ वॅटची. म्हणजे तुमचा लोड त्या आयर्नपेक्षा जास्त उष्णता पाच तास सोडत बसणार. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

हिशोब नेहमी सगळ्यात जास्त व्होल्टवर करायचा, सरासरीवर नाही. व्होल्ट थोडे वाढले तरी वॅट त्याच्या वर्गाने वाढतात.

आता तुकड्यावर छापलेला वॅट. तो आकडा खोटा नसतो, पण अटींसह असतो, आणि अटी तुकड्यावर छापत नाहीत. मोकळी हवा, आजूबाजूला दुसरं काही गरम नाही, आणि अनेकदा हवेचं तापमान २५ अंश. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, एक उतरती रेघ असते: हवा जितकी गरम, तितका तुकडा कमी वॅट झेपवतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. शिवाय सिमेंटचा तुकडा पूर्ण छापील वॅटवर चालवला तर त्याचं अंग दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकतं. साधं ६०-४० च्या जातीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतं. म्हणजे तुकडा शाबूत, पण त्याचे जोड सुटून वायर लोंबकळतेय. पॅकची पॉझिटिव्ह वायर लोंबकळणं हे तुकडा जळण्यापेक्षा वाईट.

म्हणून माझा नियम: छापील वॅटच्या निम्म्याच्या वर तुकडा चालवायचा नाही. उन्हाळ्यात एक तृतीयांश.

आता तुकड्यांच्या जाती. पाव वॅटचे रंगीत पट्ट्यांचे बारीक रेझिस्टन्स इथे कामाचे नाहीत, विचारही नको. पाच आणि दहा वॅटचे पांढरे सिमेंटचे स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. सोनेरी अॅल्युमिनियमच्या अंगाचे, कडेला स्क्रूची भोकं असलेले, पन्नास-शंभर वॅटचे दिसायला भारी असतात, आणि नवखे यांच्यावरच फसतात. पन्नास वॅट हा आकडा जाड अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्यावर, पेस्ट लावून, स्क्रू आवळून बसवल्यावरचा. उघडा हवेत ठेवला तर तोच तुकडा पंधरा वॅटच्या आसपास दमतो. जुन्या अॅम्प्लिफायरचा किंवा यूपीएसचा हीटसिंक भंगारात मिळतो. तो मिळाला तर हे तुकडे उत्तम: दहा ओहमचे, पन्नास वॅटचे दोन, जोडीला लावून पाच ओहम. प्रत्येकावर साधारण अठरा वॅट, मोठ्या हीटसिंकवर आरामात बसतात.

मला स्वतःला मात्र सिमेंटचे बरेच तुकडे जोडीला लावणं आवडतं. ४७ ओहमचे, दहा वॅटचे नऊ तुकडे घ्या. नऊही जोडीला लावले की ४७ भागिले ९, म्हणजे ५.२ ओहम. हवा होता ५.३. प्रत्येक तुकड्यावर फक्त साडेतीन ते पावणेचार वॅट, दहाच्या तुकड्यावर. उन्हाळ्यातला एक तृतीयांशाचा नियमही जवळपास पाळला गेला. एखादा तुकडा मेला तर करंट किंचित कमी होतो, एवढंच. आणि खरा फायदा वेगळाच आहे, तो पायरी ७ मध्ये येईल.

२२ ओहमचे चार लावून काम भागेल असं वाटतं. ओहम बरोबर येतात, पण प्रत्येकावर आठ वॅट. दहाचा तुकडा आहे म्हणून कागदावर पास, टेबलावर नापास.

पायरी ५: लोडची पाटी बांधा

लाकडी फळी, प्लायवूड, प्लॅस्टिकचा डबा, पुठ्ठा हे सगळं बाद. शहाबादी फरशीचा फुटका तुकडा सोलापुरात कुठल्याही बांधकामापाशी पडलेला असतो, तो आणा. नाहीतर दोन विटा. तुकडे फरशीला टेकवून न ठेवता त्यांच्या ताठ तारांवर बोटभर उंच उचलून ठेवा आणि दोन तुकड्यांत बोटभर अंतर सोडा, म्हणजे खालून हवा फिरते.

जोड देताना सोल्डरवर विसंबू नका. चिनीमातीचे स्क्रूचे कनेक्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, गिझरच्या जोडणीला वापरतात तेच. तुकड्याच्या तारा त्यात आवळा. घरच्या वायरिंगच्या वायरीचं पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपर्यंतचं असतं, त्यामुळे ती तुकड्यांना टेकता कामा नये. तीनेक अँपिअरला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुष्कळ झाली.

पॅकच्या पॉझिटिव्हपाशी, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज. गाडीतला पात्याचा फ्यूज आणि त्याचा होल्डर ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. या तपासणीला पाच अँपिअरचा. फ्यूज लोडच्या टोकाला लावला तर मधल्या वायरीचा शॉर्ट तो थांबवू शकत नाही, आणि असे आठ सेल शॉर्टला शेकडो अँपिअर ओततात. "बीएमएस आहे की" असं भाचाही म्हणाला होता. बीएमएसही तुम्हीच जोडला आहे, आज त्याचीपण परीक्षा आहे. परीक्षार्थीला पर्यवेक्षक करू नये.

पायरी ६: जागा, वेळ आणि जोडायचा क्रम

सकाळी करा. सेल रिकामे करताना बहुतेक डेटाशीट ६० अंशांपर्यंत परवानगी देतात, पण चार्जिंगला ४५ ची मर्यादा असते. मे महिन्यात पत्र्याखालची हवाच तिथवर पोचायला आलेली असते. अंगण, गच्चीची सावली किंवा उघड्या दाराजवळची फरशी, कुठेही चालेल. पडदा, गादी, सुताचे कोन, चादरींचे गठ्ठे यांच्यापासून लांब. घरातच माग असलेल्यांनी ही तपासणी मागाच्या खोलीत करूच नये, तिथे हवेत सुताचा भुसा असतो.

जवळ वाळूची बादली ठेवा. पॅक लोखंडी घमेल्यात ठेवायची कल्पना काहींना सुचते. उघडं टर्मिनल घमेल्याला टेकलं की तिथेच शॉर्ट, म्हणून पॅक विटेवर ठेवा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवा. चष्मा असेल तर घाला.

क्रम असा: आधी लोडची पाटी पूर्ण जोडून घ्या. मग त्यातली निगेटिव्ह वायर पॅकच्या निगेटिव्हला. इथे चूक होते म्हणून जपून. बीएमएसवर दोन निगेटिव्ह असतात, एक 'बी मायनस', जी सेलकडून येते, आणि दुसरी 'पी मायनस', जी बाहेर जाते. लोड पी मायनसला. बी मायनसला जोडलात तर बीएमएस बाजूलाच राहिला, तो काही तोडणार नाही. मग पॉझिटिव्ह, आणि सगळ्यात शेवटी होल्डरमध्ये फ्यूज खोचायचा.

पायरी ७: एकदम नाही, एकेक

नऊ तुकड्यांचा खरा फायदा इथे. आधी एकच तुकडा जोडा. पाव अँपिअरपेक्षा जरा जास्त करंट जाईल, साडेतीन वॅट. पॅकला याने काही होणार नाही, पण उलटसुलट जोडणी असेल, बीएमएस सुरूच होत नसेल, तर इथेच कळेल आणि नुकसान काही नाही. पाच मिनिटं बघा. फ्यूज काढून तीन तुकडे जोडा, सुमारे ०.८ अँपिअर. पुन्हा पाच-दहा मिनिटं. मग नऊही, सुमारे अडीच अँपिअर.

करंट मोजायला मीटरची दहा अँपिअरची भोकं वापरू नका असा माझा आग्रह आहे. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला आत फ्यूजच नसतो, शेजारी बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. करंट मोजून झाल्यावर पिन तिथेच विसरायची आणि मग त्याच पिनांनी पॅकचे व्होल्ट बघायला जायचं, म्हणजे पॅकला सरळ शॉर्ट. हे अनुभवी माणसांकडूनही होतं. गरजच काय? लोडचे ओहम तुम्ही मोजलेले आहेत, त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्ट बघा आणि भागाकार करा.

आता बघायच्या गोष्टी दोन. पहिली, व्होल्ट किती खचतात. समजा लोड नसताना १३.३० होते आणि अडीच अँपिअरला १३.१५ झाले. फरक ०.१५, भागिले २.५, म्हणजे ०.०६ ओहम. हा पॅकचा आतला रोध, सेल, पट्ट्या, बीएमएस, वायर सगळं धरून. एकट्या या आकड्यावरून फार काही ठरवू नका. जोडीला लावलेले दोन सेल म्हणजे एक गट, आणि गटांची एकमेकांशी तुलना जास्त बोलकी असते. बीएमएसच्या बारीक वायरींच्या सॉकेटवर चारही गटांचे व्होल्ट लोडशिवाय आणि लोडसह लिहा. तीन गट २५-३० मिलिव्होल्ट खचले आणि चौथा ९०, तर गुन्हेगार त्या चौथ्यात आहे: एक तर दमलेला सेल, नाहीतर सुटलेला वेल्डिंगचा टिपका. या मोजणीत पिन घसरून शेजारच्या दोन टोकांना एकदम लागू देऊ नका, त्या बारीक वायरी क्षणात जळतात.

दुसरी गोष्ट, काय तापतंय. लोड तापणारच. पॅक मात्र अडीच अँपिअरला जेमतेम कोमट व्हावा. एखादी पट्टी, एखादा जोड शेजाऱ्यांपेक्षा गरम लागला तर फ्यूज काढा. बोटाने तपासू नका. ताप बघायची बंदूक आता घरोघरी पडून आहे, पण अंगाचा ताप बघणारी चाळिशीच्या पुढे गोंधळते. कारखान्यात वापरतात ती हवी. चकचकीत निकलवर तीही कमी आकडा दाखवते, म्हणून पट्टीवर कागदी टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

भाच्याच्या पॅकचा तिसरा गट खचत होता. सोलून पाहिलं तर एका सेलवरची पट्टी दोनच टिपक्यांवर तग धरून होती, म्हणजे त्या गटात एकच सेल राबत होता. मीटरवर तेरा पॉइंट तीन.

पायरी ८: पूर्ण रिकामा करून भरवसा मोजा

गट सारखे वागत असतील तर पॅक पूर्ण भरा, तासभर विश्रांती द्या आणि नऊही तुकड्यांवर लावा. दर पंधरा मिनिटांनी व्होल्ट वहीत लिहा. एलएफपीचा व्होल्ट बराच काळ जागचा हलत नाही, त्यामुळे हिशोब सोपा. सरासरी १२.९ व्होल्ट धरले तर करंट २.४७ अँपिअर, आणि पॅक चार तास चाळीस मिनिटं चालला तर साधारण साडेअकरा अँपिअर-तास. बारा लिहिलेल्या सेलकडून साडेअकरा मिळाले तर सेल देणारा माणूस धरून ठेवा. आठ मिळाले तर दुकान बदला.

एलएफपीची खोडी शेवटी असते. चार तास मख्ख बसलेला व्होल्ट शेवटी काही मिनिटांत कड्यावरून पडल्यासारखा पडतो. म्हणून चार तासांनंतर दर दोन-तीन मिनिटांनी गटांचे व्होल्ट बघा आणि कुठलाही एक गट २.८ ला आला की फ्यूज काढा. बाकीचे तीन ३.१ वर असले तरी थांबायचं. बीएमएस तोडेल म्हणून वाट बघू नका, आणि पॅक लोडवर ठेवून जेवायलाही जाऊ नका. इथे कडक भाकरी आणि शेंगा चटणी शेजारी घेऊन बसण्याची सोय आहे.

जास्त करंटची तपासणी, पण थोडाच वेळ

वापरात दहा अँपिअर लागणार असतील तर दहावर तपासावंच लागेल. त्याला १.३ ओहम आणि जवळजवळ १३० वॅट झेपवणारा लोड हवा. एवढे रेझिस्टन्स जमवण्यापेक्षा गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब बरा. ६०/५५ वॅटच्या बल्बमधल्या दोन्ही तारा (फिलामेंट) एकदम पेटवल्या की नऊ-दहा अँपिअर घेतो. मिनिटभरच, जास्त नाही. दोन्ही तारा एकत्र चालवायला तो बनवलेला नसतो. फ्यूज आता पंधराचा, वायर अडीच चौरस मिलिमीटरची, आणि पॅकमधल्या पट्ट्या दुहेरी आहेत ना ते आधी बघा.

बल्बची एक गंमत लक्षात ठेवा. थंड असताना त्याची तार तापल्यानंतरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच अडवते, त्यामुळे पेटताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो. चांगला बीएमएस त्याला शॉर्ट समजून बंद पडतो आणि आपण पॅकला नावं ठेवतो. एक तार आधी पेटवा, मग दुसरी. म्हणूनच पहिल्या तपासणीला बल्ब नको, रेझिस्टन्स हवा.

सुटा सेल आणि ४८ व्होल्ट

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले १८६५० सेल पॅकमध्ये घालण्याआधी एकेकटे तपासा. ८.२ ओहम, पाच वॅटचा तुकडा पुरतो: भरलेल्या सेलवर अर्धा अँपिअर, सव्वादोन वॅटच्या आत. सुट्या सेलला बीएमएस नसतो, म्हणजे ३.० ला थांबवणारे तुम्हीच.

ई-सायकलच्या ४८ व्होल्टच्या पॅकला, जो पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट असतो, रेझिस्टन्स जमवत बसू नका. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड घ्या. २३० व्होल्टच्या हिशोबाने ती साधारण ३५ ओहमची असते, म्हणजे ५४ व्होल्टला दीड अँपिअर आणि ८४ वॅट. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी आणि त्यात रॉड. पाणी तासाला सात अंश तापतं, यापेक्षा स्वस्त हीटसिंक जगात नाही. रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडालेली हवी. तिचा प्लग कापून ही रॉड कायमची पॅकसाठीच ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून भिंतीच्या सॉकेटला लावणार नाही. आणि ५४ व्होल्टचा डीसी भिंतीवरच्या साध्या बटणाने तोडू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, बटणाच्या आत ठिणगी जळत राहते. डीसीसाठीचा एमसीबी वापरा.

काम झाल्यावर आधी फ्यूज, मग वायरी. लोडची पाटी अर्धा तास तशीच राहू द्या, पोरं आणि मांजर दूर ठेवा. रिकामा पॅक तसाच ठेवून देऊ नका, थंड झाल्यावर त्याच दिवशी अर्धा तरी भरा. मग मार्करने पॅकवर तारीख, मिळालेले अँपिअर-तास आणि चारही गटांचे आकडे लिहा. भाच्याच्या पॅकवर लिहिलंय: ११.४, तिसरा गट पुन्हा वेल्ड केला.